इच्छेचा भूतकाळ : एका फ्रेंच क्रियारूपाचे चरित्र

१

आल्बेर काम्यू ह्यांची 'ला श्युत', म्हणजे 'पतन', ही कादंबरी १९५६ साली प्रसिद्ध झाली. अ‍ॅम्स्टरडॅममधील एका मद्यगृहात एक मनुष्य समोर बसलेल्या अनोळखी देशबांधवाशी बोलतो आहे, एवढीच तिची चौकट. बोलणारा क्लामाँस हा एके काळचा पॅरिसमधील नामांकित वकील. बोलण्याच्या ओघात, अगदी आरंभीच, तो एक विशिष्ट क्रियारूप वापरतो आणि ते कानी पडताच समोरचा मनुष्य किंचित दचकल्याचे त्याच्या ध्यानात येते. तेव्हा तो लगेच कबुली देतो, की ह्या रूपाचा, आणि एकंदरीत सुंदर भाषेचाच, मोह आपल्याला आवरत नाही. पुढे सबंध कादंबरीभर चालणाऱ्या एका प्रदीर्घ कबुलीजबाबातील ही पहिल्या काही कबुल्यांपैकी एक होय.

क्रियापदाचे एखादे शुद्ध रूप उच्चारल्याबद्दल एखाद्याला खुलासा द्यावासा वाटावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. अशुद्ध बोलल्याबद्दल माणसे ओशाळतात, हे आपण जाणतो. पण क्लामाँस ओशाळतो (किंवा ओशाळल्याचे नाटक करतो) ते अतिशुद्ध बोलल्याबद्दल. हे क्रियारूप म्हणजे फ्रेंच व्याकरणात ज्याला 'अँपार्फे द्यु सुब्जाँक्तिफ' म्हणतात ते. एके काळी राजापासून शेतकऱ्यापर्यंत सर्वांच्या तोंडी असलेले हे रूप विनोदाचा, धाकाचा आणि संकोचाचा विषय कसे झाले, ह्याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. एका प्रत्ययाचा इतिहास हा वरकरणी शुष्क विषय. परंतु ह्या प्रत्ययाच्या आधाराने कोण सुशिक्षित, कोण अडाणी, कोण आपला, कोण परका हे ठरवले गेले आहे. म्हणून त्याचा इतिहास हा माणसांचाही इतिहास आहे.

२

प्रथम ह्या रूपाची ओळख करून घेऊ. मराठी व्याकरणकारांनी क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे चार अर्थ मानले आहेत. फ्रेंचमधील 'सुब्जाँक्तिफ' ह्यांपैकी कोणत्याही एका कप्प्यात नेमका बसत नाही. इच्छा, भीती, शंका, आवश्यकता अशा मनोव्यापारांच्या छायेखाली आलेली क्रिया तो व्यक्त करतो. क्रिया घडली की नाही हे तो सांगत नाही, ती कोणाच्या तरी मनात होती एवढेच सांगतो. सोयीसाठी आपण त्याला ह्या लेखापुरते 'इच्छार्थ' म्हणू, आणि त्याच्या भूतकालीन रूपाला 'भूत-इच्छार्थ'.

'तो यावा अशी माझी इच्छा आहे' आणि 'तो यावा अशी माझी इच्छा होती' ही दोन मराठी वाक्ये घ्या. दोहोंत 'यावा' हे रूप तसेच राहते. इच्छा आजची की कालची, हे शेवटच्या क्रियापदावरून कळते. अभिजात फ्रेंचला एवढ्याने समाधान नाही. इच्छा आजची असेल तर 'यावा' ह्यासाठी 'व्हिएन' हे रूप. इच्छा कालची असेल तर तेथे 'व्हँ' हे रूप आलेच पाहिजे. मुख्य वाक्य भूतकाळात गेले की गौण वाक्यानेही त्याच्यामागून भूतकाळात जावयाचे, असा हा दंडक. त्याला 'काळांची संगती' असे नाव आहे.

हे रूप सिद्ध करण्याची रीत मात्र सरळ आहे. साध्या भूतकाळाचे द्वितीय पुरुषी एकवचन घ्यावयाचे आणि त्याला प्रत्यय जोडावयाचे. 'गाणे' ह्या अर्थाच्या 'शाँते' धातूपासून 'शाँतास', 'शाँतास', 'शाँता', 'शाँतास्यों', 'शाँतास्ये', 'शाँतास' अशी सहा रूपे होतात. धातूच्या गणाप्रमाणे मधला स्वर बदलतो : कोठे 'आस', कोठे 'इस', कोठे 'यूस', आणि 'येणे' किंवा 'धरणे' अशा थोड्या धातूंच्या बाबतीत अनुनासिक 'अँस'. चार स्वर आणि सहा प्रत्यय, एवढाच हा संसार. अवघड असे त्यात काही नाही. जी गोष्ट अवघड नव्हती ती नाहीशी का झाली, हाच खरा प्रश्न आहे.

३

ह्या रूपाचे मूळ लॅटिनमध्ये आहे. मात्र ते जेथे असावे असे वाटते तेथे नाही. लॅटिनचा मूळचा भूत-इच्छार्थ 'कान्तारेम' असा होता. रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात अंत्य वर्ण झिजत गेले आणि हे रूप दुसऱ्या रूपांपासून वेगळे ओळखू येईनासे झाले. सार्डिनियासारखा अपवाद सोडला, तर ते बहुतेक सर्वत्र लोपले. त्याच्या रिकाम्या जागी त्याच्याहून एक पायरी मागे असलेले, 'गायलेले असावे' अशा अर्थाचे 'कान्ताविस्सेम' हे रूप संक्षेपाने 'कान्तास्सेम' होऊन पुढे सरकले. ज्येष्ठ बंधू निवर्तल्यावर धाकट्याने संसार सांभाळावा, तसा हा प्रकार. फ्रेंच 'शाँतास' हे त्या 'कान्तास्सेम'चे वंशज होय. म्हणजे ज्याच्या ऱ्हासाबद्दल पुढे शोक झाला, ते रूप स्वतःच एका आधीच्या ऱ्हासाच्या जागेवर उभे होते.

'शाँतास'ची भावंडेही पुष्कळ आहेत. इटालियन 'कान्तास्सी', स्पॅनिश 'कान्तासे' आणि पोर्तुगीज 'कान्तास' ही सर्व त्याच कुळातील. त्या भाषांत ती आजही घराघरांत, बाजारात, मुलांच्या भांडणात ऐकू येतात. १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली असलेल्या गोव्यात ज्यांचे शिक्षण त्या भाषेतून झाले, त्यांना 'मी गायलो असतो तर' असे म्हणताना हे रूप सहज वापरता येई. त्यात काही विद्वत्ता आहे असे त्यांना वाटण्याचे कारण नव्हते. फ्रेंच 'शाँतास' आणि पोर्तुगीज 'कान्तास' ह्यांची लेखनातील शेवटची सात अक्षरे तर तंतोतंत सारखी आहेत. एकाच मातेची दोन मुले. एक रस्त्यावर हिंडते आहे, दुसरे काचेच्या कपाटात बसले आहे.

प्राचीन फ्रेंचमध्ये मात्र तेही रस्त्यावर हिंडत होते. इ. स. ११०० च्या सुमारास रचल्या गेलेल्या 'रोलाँ'च्या वीरगाथेत आणि पुढच्या दोन शतकांच्या वाङ्मयात हे रूप विपुल आढळते, तेही केवळ गौण वाक्यात नव्हे. 'असे असते तर तसे झाले असते' ह्या संकेतार्थी वाक्याच्या दोन्ही अंगांत तेच वापरले जाई. मराठीत आपण 'तो आला असता तर मी गेलो असतो' असे म्हणतो आणि दोन्हीकडे एकाच घडणीचे रूप ठेवतो. जुन्या फ्रेंचची रीत हीच होती. पुढे संकेतार्थाचे हे काम दुसऱ्या रूपांनी हळूहळू हिरावून घेतले. भूत-इच्छार्थाच्या साम्राज्यातील हा पहिला प्रांत गेला. जे घडले नाही त्याबद्दल बोलण्याचा प्रांत तो होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

४

सतरावे शतक हे फ्रेंच भाषेच्या शिस्तीचे शतक. १६३५ मध्ये रिशल्यने फ्रेंच अकादमी स्थापन केली. १६४७ मध्ये व्होझलाने आपली 'निरीक्षणे' प्रसिद्ध केली आणि राजदरबारातील उत्तम लोकांचे बोलणे हाच शुद्धतेचा निकष ठरवला. काळांची संगती ह्याच वातावरणात दृढ झाली. परंतु ती केवळ बंधन होती असे समजणे चुकीचे ठरेल. थोर कवींच्या हाती ह्या रूपाने काय साधता येई, ह्याचा एक दाखला रासीनच्या १६६७ मधील 'आंद्रोमाक' नाटकात आहे.

ट्रॉयचा पाडाव झाला आहे. विधवा आंद्रोमाक बंदीवान आहे आणि तिचा लहान मुलगा आपल्या हवाली करावा, अशी ग्रीकांची मागणी आहे. तेव्हा ती म्हणते, की हा मोठेपणी बापाचा सूड घेईल ही त्यांची भीतीच नाही. हा आईचे डोळे पुसेल, ह्याची त्यांना भीती आहे. दोन्ही ठिकाणी मुख्य क्रियापद एकच, आणि तेही वर्तमानकाळात. पण सूड घेण्याची क्रिया साध्या वर्तमान इच्छार्थात आहे आणि डोळे पुसण्याची क्रिया भूत-इच्छार्थात. नियमाप्रमाणे पाहता ही संगती नव्हे. रासीनने येथे काळ दाखवलेला नाही. दाखवले आहे ते अंतर. मुलाने आपले अश्रू पुसावेत हे तिच्या लेखी इतके दूरचे, इतके अशक्यप्राय आहे, की ते बोलताना ती क्रियापदालाच दूर नेते. जे रूप एवढे सूक्ष्म दुःख वाहून नेऊ शकत होते, ते निव्वळ पंडितांचे खेळणे खासच नव्हते.

ह्याच शतकात त्याच्या मुळाशी मात्र कीड लागली होती. भूत-इच्छार्थ साध्या भूतकाळावर उभा आहे, हे वर सांगितलेच आहे. त्या साध्या भूतकाळाला संयुक्त भूतकाळाने, म्हणजे 'माझ्याजवळ गायलेले आहे' अशा घडणीच्या रूपाने, बोलण्यातून बाजूला सारावयास सुरुवात केली होती. १६६० च्या पोर-रोयाल व्याकरणात नियम सांगितला आहे, की साधा भूतकाळ आजच्या दिवसातील घटनेसाठी वापरू नये. मध्ये निदान एक रात्र गेली पाहिजे. भारतीय वाचकाला येथे पाणिनीचा 'अनद्यतन' आठवल्यावाचून राहणार नाही. आजचा नव्हे असा भूतकाळ तो लङ्, हा त्याचा दंडक सर्वश्रुत आहे. दोन हजार वर्षांच्या अंतराने, परस्परांचा काही संबंध नसताना, दोन व्याकरणपरंपरांनी 'आज' आणि 'काल' ह्यांच्यामध्ये रात्रीचीच भिंत उभी करावी, हा योगायोग मनोरंजक आहे. आणि दोन्हीकडे ती भिंत टिकली नाही, हेही तितकेच खरे. उत्तरकालीन संस्कृतात लङ्, लुङ्, लिट् ह्यांतील भेद पुसट होत गेले आणि 'तेन कृतम्' ही कृदन्ताची रचना पुढे सरसावली. फ्रेंचमध्येही साधा भूतकाळ पॅरिसच्या व उत्तरेच्या बोलण्यातून क्रमाक्रमाने निघून गेला आणि पुस्तकांपुरता उरला. ज्या मांडवावर वेल चढला होता तो मांडवच वाळला.

५

ह्याच्या जोडीला दोन लहान कारणे आली. एक लेखणीचे, दुसरे कानाचे.

लेखणीचे कारण असे. 'शाँता' ह्या तृतीय पुरुषी एकवचनात पूर्वी एक 'स' लिहिला जाई. तो केव्हाच अनुच्चारित झालेला होता. अकादमीच्या कोशाची तिसरी आवृत्ती १७४० मध्ये निघाली, तेव्हा हजारो शब्दांतील असे मूक वर्ण काढून टाकण्यात आले आणि येथे त्या 'स'ची खूण म्हणून स्वरावर छोटेसे छप्पर चढवले गेले. तेव्हापासून 'तो होता' ह्या अर्थाचे 'फ्यु' आणि 'तो असावा' ह्या अर्थाचे 'फ्यु' ह्यांत कानाला काहीच भेद उरला नाही. भेद तो केवळ डोळ्यांना दिसणाऱ्या छपराचा. घडलेली गोष्ट आणि इच्छिलेली गोष्ट ह्यांच्यामधील अंतर एका चिन्हात आले. आणि हे चिन्ह अचूक घालता येणे म्हणजे सुशिक्षित असणे, असे समीकरण होऊन बसले.

कानाचे कारण अधिक निष्ठुर आहे. 'आस' हा ध्वनी फ्रेंचमध्ये हीनत्वदर्शक प्रत्ययाचाही आहे. नकोशा कागदपत्रांच्या ढिगाला 'पाप्रास' म्हणतात. त्यात 'मी शकावे' ह्या अर्थाचे 'प्यूस' हे रूप पिसवेच्या नावासारखे ऐकू येते, 'मी पाहावे' ह्याचे 'व्हिस' हे मळसूत्री खिळ्याच्या नावासारखे, आणि 'तुम्हांला ठाऊक असावे' ह्याचे 'स्यूस्ये' हे चोखण्याच्या क्रियेसारखे. रूप नित्याच्या वापरात असते तोवर असल्या साम्यांकडे कोणाचे लक्ष जात नाही. ते विरळ झाले की हसू येते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे हसू सार्वत्रिक झाले. प्रेयसीला उद्देशून केलेली, भूत-इच्छार्थांची रेलचेल असलेली एक विनोदी कविता विनोदकार आल्फाँस आले (१८५४–१९०५) ह्याच्या नावावर सांगितली जाते. तिचा सारा विनोद ह्या रूपांच्या नादात आहे. जे रूप आंद्रोमाकच्या तोंडी अश्रू होऊन आले होते, ते दोन-सव्वादोनशे वर्षांनी विदूषकाच्या तोंडी आले.

६

ज्या काळात हे रूप लोकांच्या जिभेवरून उतरत होते, नेमक्या त्याच काळात ते शाळेच्या फळ्यावर चढले, हा ह्या इतिहासातील सर्वांत मोठा विरोधाभास होय.

क्रांतिकाळात, १७९४ च्या जून महिन्यात, आबे ग्रेगवार ह्याने राष्ट्रीय सभेपुढे फ्रान्समधील भाषांविषयीचा अहवाल मांडला. त्याच्या अंदाजाप्रमाणे निदान साठ लक्ष नागरिकांना फ्रेंच मुळीच येत नव्हते आणि ती शुद्ध बोलणारे तीस लक्षांहून अधिक नव्हते. बाकीचे लोक आपापल्या बोली बोलत : ब्रेतों, बास्क, अल्सासी, आणि दक्षिणेच्या विस्तीर्ण पट्ट्यात ऑक्सिताँ. ह्या बोली नष्ट कराव्यात, अशी त्याची शिफारस होती. पुढे १८८१-८२ मध्ये ज्यूल फेरीच्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले आणि गावोगाव फ्रेंच शाळा पोचली. तिच्याबरोबर श्रुतलेखन आले, क्रियापदे चालवण्याचे तक्ते आले. बेशरेल बंधूंनी आठ हजार क्रियापदांचा चालनकोश १८४२ सालीच काढला होता. ते आडनाव पुढे अशा पुस्तकांचे सामान्यनामच होऊन बसले.

आता दक्षिणेकडील एका खेड्यातील मुलाची कल्पना करा. त्याच्या घरी ऑक्सिताँ बोलली जाते. ती लॅटिनचीच दुहिता. तिच्यात भूत-इच्छार्थ जिवंत आहे. 'कान्तेस्सी', 'कान्तेस्सेस' अशी त्याची रूपे त्या मुलाच्या आजीच्या तोंडी सहज येतात. तो शाळेत जातो. घरची भाषा चुकून तोंडून निघाली तर त्याच्या गळ्यात लाकडाचा तुकडा किंवा तशीच एखादी लाजिरवाणी खूण अडकवली जाते. दुसरा कोणी तसे बोलताना सापडेपर्यंत ती काढावयाची नाही. फ्रान्सच्या अनेक भागांत ही प्रथा होती. त्याच वर्गात तोच मुलगा फळ्यावरचे 'शाँतास, शाँतास, शाँता' घोकतो. हे रूप त्याच्या शिक्षकाच्या स्वतःच्या बोलण्यातूनही जवळजवळ गेलेले आहे. जिवंत भूत-इच्छार्थ बोलल्याबद्दल शिक्षा आणि मृत भूत-इच्छार्थ पाठ केल्याबद्दल शाबासकी! ह्या रूपाच्या लोपाबद्दल अश्रू ढाळणाऱ्यांनी ह्या मुलाकडेही एकदा पाहिले पाहिजे. शुद्धतेच्या नावाने जे चालले होते ते रूपाच्या रक्षणासाठी नव्हते. रूप तर त्याच्या घरी सुखरूप होते. रक्षण चालले होते ते रूपावरच्या मालकीचे.

शासनाला ह्या विसंगतीची जाणीव झाली नव्हती असे नाही. शिक्षणमंत्री जॉर्ज लेग ह्यांच्या २६ फेब्रुवारी १९०१ च्या आदेशाने परीक्षांमध्ये काही सवलती दिल्या. 'तो यावयास हवा होता, तर बरे' अशा धर्तीच्या, संकेतार्थी मुख्य क्रियापदाच्या वाक्यात 'व्हँ'ऐवजी 'व्हिएन' लिहिले तर चूक धरू नये, असे ठरले. सर्व भूतकालीन वाक्यांना ही सवलत मिळावयास २८ डिसेंबर १९७६ चा आदेश उजाडावा लागला. मधल्या काळात, १९३२ साली, स्थापनेनंतर जवळजवळ तीन शतकांनी अकादमीने आपले व्याकरण एकदाचे प्रसिद्ध केले आणि फेर्दिनाँ ब्र्यूनो ह्या भाषेतिहासकाराने त्याच वर्षी त्यातील उणिवांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. १९९० च्या लेखनसुधारणेत 'इ' आणि 'उ' ह्यांवरील छप्पर पुष्कळ शब्दांत ऐच्छिक केले गेले. क्रियापदाच्या ह्या प्रत्ययावरचे मात्र काढले नाही. २०१६ मध्ये ती सुधारणा पाठ्यपुस्तकांत आली, तेव्हा छप्पर जाणार म्हणून देशभर गदारोळ उडाला. बोलताना कोणी वापरत नाही अशा रूपावरचे, कानाला ऐकू येत नाही असे चिन्ह कायम ठेवले गेले, ही गोष्ट भाषेविषयी सांगते त्याहून अधिक समाजाविषयी सांगते.

७

फ्रेंच शाळा फ्रान्सपुरती राहिली नाही. ती सेनेगालला गेली, अल्जीरियाला गेली, आपल्याकडे पाँडिचेरी, कारिकल, माहे, यानम आणि चंद्रनगरलाही आली. कलकत्त्याच्या तोरू दत्त हिने १८६९ नंतर काही काळ नीस येथे राहून फ्रेंचचे शिक्षण घेतले आणि त्या भाषेत एका तरुणीची रोजनिशी कल्पून कादंबरी लिहिली. १८७७ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ती वारली. कादंबरी १८७९ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाली. त्या काळी फ्रेंच गद्य लिहू पाहणाऱ्या कोणालाही भूत-इच्छार्थ टाळता येणे शक्य नव्हते. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याला हे रूप भाषेच्या इतर रूपांसारखेच एक रूप असते. ते जुने आहे, हसण्याजोगे आहे, हे त्याला आतल्या लोकांकडून मागाहून कळते.

सेनेगालचे लेओपोल्द सेदार सांघोर ह्यांची मातृभाषा सेरेर. १९३५ मध्ये ते व्याकरण ह्या विषयातील 'आग्रेगासियाँ' ही अत्यंत कठीण स्पर्धापरीक्षा उत्तीर्ण झालेले पहिले आफ्रिकी ठरले आणि तूर शहरातील शाळेत फ्रेंच मुलांना अभिजात भाषा शिकवू लागले. पुढे ते आपल्या स्वतंत्र देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले आणि १९८३ मध्ये फ्रेंच अकादमीवर निवडून आले. ज्या दंडकाने वसाहतीतील माणसाला कमी लेखले जाई, तो दंडक त्यांनी स्वतःच हाती घेतला. अल्जीरियाचे कातेब यासीन फ्रेंच भाषेला युद्धातील लूट म्हणत. लुटीतला ऐवज जुन्या घडणीचा असला म्हणून त्याचे मोल कमी होत नाही.

आणि स्वतः काम्यू? त्यांचा जन्म १९१३ चा, अल्जीरियातील. वडील पहिल्या महायुद्धात १९१४ मध्येच कामी आले. आई निरक्षर, कानाने अधू. लोकांच्या घरी धुणीभांडी करून तिने मुले वाढवली. ज्या घरात पुस्तक नव्हते त्या घरातून लुई जेर्मँ ह्या शिक्षकाने त्यांना पुढच्या शिक्षणाकडे नेले. १९५७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाल्यावर काम्यूंनी त्यांना कृतज्ञतेचे पत्र लिहिले, हे प्रसिद्धच आहे. १९४२ च्या 'लेत्राँजे', म्हणजे 'परका', ह्या कादंबरीत त्यांनी साधा भूतकाळ जवळजवळ वर्ज्य केला आणि निवेदकाच्या तोंडी बोलण्यातला संयुक्त भूतकाळ घातला. फ्रेंच कादंबरीने शतकानुशतके पाळलेला रिवाज त्यांनी मोडला, आणि पुढे क्लामाँसच्या तोंडी भूत-इच्छार्थ घालून तोच रिवाज उपहासासाठी पुन्हा उभा केला. ज्याला भाषेची दोन्ही टोके आपल्या घरातून आणि आपल्या शाळेतून ठाऊक होती, त्यालाच क्लामाँसचा दांभिकपणा एका क्रियारूपात दाखवता आला.

८

ह्या सर्व घडामोडीकडे शोक न करता पाहणारा एक मनुष्य होता. भाषाशास्त्रज्ञ आँत्वान मेये ह्यांनी १९०९ मध्ये साध्या भूतकाळाच्या लोपावर निबंध लिहिला. फ्रेंचमध्ये जे घडले तेच दक्षिण जर्मनीत, उत्तर इटलीत, आणि अन्यत्रही घडले आहे, असे दाखवून त्यांनी ह्या घटनेला अधःपाताच्या कक्षेतून काढून इतिहासाच्या कक्षेत आणले. ह्याच मेये ह्यांच्या शिष्यांपैकी एक होते ज्यूल ब्लॉक. मराठी भाषेच्या घडणीवरील त्यांचा फ्रेंच ग्रंथ १९२० मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाला आणि वा. गो. परांजपे ह्यांनी तो 'मराठी भाषेचा विकास' ह्या नावाने मराठीत आणला. म्हणजे ज्या गुरुकुलात फ्रेंचच्या हरवलेल्या रूपांचा शांतपणे हिशेब मांडला गेला, तेथेच मराठीच्याही हरवलेल्या रूपांचा हिशेब मांडला गेला.

तो हिशेब आपल्याला परका नाही. वेदांतील लेट् हा लकार फ्रेंच इच्छार्थाचा दूरचा समानधर्मी म्हणता येईल. पाणिनीच्या काळीच तो छंदापुरता उरला होता. 'तेन कृतम्' ह्याचे 'त्याने केले' झाले. संस्कृतच्या 'करोति'सारख्या वर्तमानकालीन रूपांचे ज्ञानेश्वरांच्या मराठीत 'करी' झाले, तेव्हा तोही वर्तमानकाळच होता. आज 'तो पहाटे उठे, नदीवर जाई' असे लिहिले तर ते रीतिभूतकाळाचे रूप ठरते, आणि बोलताना तेही सोडून आपण 'उठायचा, जायचा' म्हणतो. जुना वर्तमानकाळ म्हणींत तेवढा टिकला आहे : 'बळी तो कान पिळी'. फ्रेंचमध्येही भूत-इच्छार्थ 'निदान एवढे तरी' अशा अर्थाच्या ठराविक वाक्प्रयोगांत आणि लिखित गद्यातील तृतीय पुरुषी एकवचनात असाच टिकून आहे. 'शाँतास्यों', 'शाँतास्ये' ह्यांच्या वाट्याला मात्र लेखकही सहसा जात नाहीत.

तेव्हा काय हरवले? इच्छा हरवली नाही. आजचा फ्रेंच मनुष्य 'तो यावा अशी माझी इच्छा होती' हे म्हणतोच. फक्त मराठी माणसासारखा 'यावा' बदलत नाही. हरवली ती एक बारीक छटा, जी रासीनने एका मातेच्या दुःखासाठी वापरली होती. ती हानी खरी आहे आणि ती मान्य करावी. परंतु त्या छटेच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या गळ्यात ज्या खुणा अडकवल्या गेल्या, त्यांची नोंदही त्याच पानावर व्हावयास हवी.

४ जानेवारी १९६० रोजी मोटार-अपघातात काम्यू गेले. त्या गाडीत एका अपुऱ्या कादंबरीचे हस्तलिखित सापडले. 'पहिला माणूस' ह्या नावाने ते १९९४ मध्ये छापले गेले. त्याच्या आरंभी काम्यूंनी ते आपल्या आईला अर्पण केले आहे आणि हे पुस्तक तिला कधीच वाचता येणार नाही, हेही तेथेच नोंदवले आहे. तिने वाचावे, ही इच्छा तेथे शब्दांत मांडलेली नाही. व्याकरणकाराला विचारले तर ती कोणत्या रूपात मांडावयाची हे तो सांगू शकेल. काम्यूंना ते रूप उत्तम येत होते. आईला ते कधी शिकवले गेले नव्हते.